छापणारे मिळाले, खोडणारे हरवले

कादंबरी लिहायची, चार प्रकाशकांकडे पाठवायची, सहा महिने उत्तराची वाट पाहायची आणि मग एक दिवस कंटाळून ती स्वतःच छापून टाकायची, इथवरचा प्रवास आता मराठी वाचकाला नवा राहिलेला नाही. नवा आहे तो त्यापुढचा टप्पा. दोन-तीन कादंबऱ्या स्वतःच्या खर्चाने बाजारात आणून झाल्यावर हा लेखक एक माईक विकत घेतो, जाड पडदे लावलेल्या खोलीत बसतो आणि लिहिण्याबद्दल बोलू लागतो. कथानक कसे रचावे, मुखपृष्ठ कोणाकडून करून घ्यावे, पहिली शंभर पुस्तके कशी खपवावीत, असे विषय असतात. ऐकणाऱ्यांत वाचक थोडे आणि लिहू पाहणारे जास्त. यावर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली आहे: पुस्तक चालले नाही म्हणून बडबड सुरू केली. ही प्रतिक्रिया मला उथळ वाटते. माईकपाशी येणारा हा लेखक, स्वतः जाणो वा न जाणो, आपल्या साहित्यव्यवहारातून नाहीशा झालेल्या एका माणसाची जागा चाचपत असतो. तो माणूस म्हणजे संपादक. मात्र ही जागा भरून काढायची तर आज जे पॉडकास्ट निघतात त्यांच्याहून वेगळे काही करावे लागेल, आणि त्याची सुरुवात मराठीतून व्हायला हवी.

हे सगळे एका शहराकडे पाहिले की नीट उमगते, ते म्हणजे बंगळुरू. 2008 साली तिथे जया झा आणि अभय अग्रवाल यांनी पोथी डॉट कॉम सुरू केले. मागणी आली की एक प्रत छापायची, असा तो मामला. हजार प्रती छापून पलंगाखाली रचून ठेवण्याची गरज तिथे संपली. 2014 मध्ये प्रतिलिपी आली. कोणीही यावे, आपल्या भाषेत लिहावे आणि बटण दाबून प्रसिद्ध करावे; मराठीसह बारा भारतीय भाषा तिथे नांदतात. 2020 च्या अखेरीस याच प्रतिलिपीने मुंबईची आयव्हीएम पॉडकास्ट्स ही कंपनी विकत घेतली. पुढे 2022 च्या सुरुवातीला ॲमेझॉनने वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या चमूला आसरा मिळाला तोही प्रतिलिपीकडेच. हे वेस्टलँड म्हणजे तेच, ज्याने अश्विन सांघी यांची 2007 साली टोपणनावाने स्वतः काढलेली ‘द रोझाबल लाइन’ आपल्या पंखाखाली घेतली आणि 2010 मध्ये सगळीकडून नकार पचवून बाजारात उतरलेल्या अमीश यांच्या ‘इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ला देशभर पोचवले. कधी काळी स्वयंप्रकाशित लेखकांना मोठे करणारी संस्था स्वयंप्रकाशनाच्याच घरी राहायला गेली, हा योगायोग गमतीचा आहे. आणि ज्या वाटेने एकटा लेखक जातो, अक्षरातून आवाजाकडे, त्याच वाटेने कंपन्याही गेल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पॉकेट एफएमसारखी बंगळुरूचीच कंपनी तर अक्षराला थांबतच नाही. मालिका थेट कानात, आणि पुढचा भाग ऐकायचा तर नाणी मोजा.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतः छापणे म्हणजे कमअस्सल, ही समजूत आपल्याच इतिहासाला धरून नाही. जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 साली दक्षिणा प्राइज कमिटीपुढे गेले आणि नाकारले गेले; त्या वेळच्या मान्यतेच्या दरवाजावर ते अडले म्हणून फुले काही लिहायचे थांबले नाहीत. श्री. व्यं. केतकरांना ज्ञानकोशासाठी कोणी प्रकाशक भेटला नाही, भेटण्याची शक्यताही नव्हती. त्यांनी नागपुरात भागभांडवलाची कंपनी काढली, गावोगाव हिंडून भाग विकले आणि तेवीस खंड उभे केले. य. गो. जोशी कथालेखकही होते आणि प्रकाशकही. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ 1976 साली आली ती क्लिअरिंग हाउसकडून, म्हणजे स्वतः कोलटकर, अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून चालवलेल्या घरगुती उद्योगाकडून. कर्नाटकात तर ही परंपरा आणखी घट्ट आहे. शिवराम कारंतांनी पुत्तूरला बसून पुस्तके लिहिली, त्यांची चित्रे काढली, ती छापली आणि विकलीही. त्यांच्याही आधी गळगनाथ नावाचे कन्नड कादंबरीकार होऊन गेले. ते आपली पुस्तके डोक्यावर घेऊन गावोगाव विकत फिरत. याच गळगनाथांनी आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या. म्हणजे मराठी कादंबरीने कृष्णेपलीकडे पाऊल टाकले, तेही काही प्रमाणात एका स्वयंप्रकाशकाच्या डोक्यावरच्या गाठोड्यातून.

मग आजचा स्वयंप्रकाशित लेखक आणि ही मंडळी यांत फरक कोठे पडला? पैशात नाही, हिमतीत तर नाहीच. फरक पडला तो भोवतालात. फुल्यांच्या भोवती सत्यशोधक मंडळी होती. कोलटकरांच्या भोवती लघुनियतकालिकांचे टोळके होते, संपादक-प्रकाशक अशोक शहाणे होते. एक कविता टेबलावर पडली की चार जण तिचे लचके तोडायला बसलेले. गळगनाथ स्वतः नियतकालिके चालवीत. छापखान्याचे बिल लेखक भरत असेल, पण छापखान्यात जाण्याआधी मजकूर कोणाच्या तरी हाताखालून जाई. आज तो जात नाही. आजची प्रक्रिया जरा जवळून पाहा. लेखक हस्तलिखित टाइप करतो. जुने असेल तर ते कुठल्यातरी जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये असते. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि ते दुरुस्त करण्यात पंधरा दिवस जातात. मग पानांची मांडणी, मग मुखपृष्ठ. पुस्तकाचा कणा किती जाड हे पानांची संख्या आणि कागद यांवर ठरते. कादंबरी वीस पानांनी वाढली की मुखपृष्ठाची फाइल पुन्हा करावी लागते, म्हणून शेवटी शेवटी लेखक नवे पान लिहायलाच घाबरतो. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. पीडीएफ चढवली, किंमत ठरवली, झाले पुस्तक. या सगळ्या यादीत एकही टप्पा असा नाही, जिथे दुसऱ्या माणसाने हस्तलिखित वाचून म्हटले असेल, ‘तिसरे प्रकरण काढून टाका, गोष्ट चौथ्यात सुरू होते.’ मुद्रितशोधक फार तर ‘आणी’चे ‘आणि’ करून देतो. लेखकाचे अख्खे प्रकरण खोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो.

मराठीत हा अधिकार गाजवणारी माणसे होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे ‘सत्यकथा’ मासिक ही त्या अधिकाराची सर्वांत प्रसिद्ध जागा. कथा साभार परत येई, पण पुष्कळदा सोबत पत्र असे. काय जमले नाही, कुठे घाई झाली, शेवट का पटत नाही हे सांगणारे. लेखक ती कथा पुन्हा लिहीत, पुन्हा पाठवीत. त्या पत्रांवर एक पिढी घडली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आता कोणी म्हणेल, हा भाबडा गतकालगौरव झाला. तीच ‘सत्यकथा’ 1969 साली लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी जाळली होती ना? जाळली होती, आणि त्यांच्या रागाला कारण होते. ज्याच्या हाती खोडण्याची पेन्सिल, त्याच्याच हाती दरवाजाची किल्ली, अशी ती व्यवस्था होती, आणि त्या दरवाजातून कोण आत येई व कोण बाहेर राही याला जात, शहर आणि अभिरुची यांचे संदर्भ होते. स्वयंप्रकाशनाने दरवाजाच उखडून टाकला, ही त्याची मोठी कामगिरी. पण दाराबरोबर पेन्सिलही गेली. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडली. त्यानंतर दिवाळी अंक राहिले, मोजक्या प्रकाशनसंस्थांमधले मोजके संपादक राहिले, आणि बाकी सगळा व्यवहार ‘आले तसे छापले’ या तत्त्वावर येऊन ठेपला. किल्ली परत नको, पेन्सिल मात्र हवी, हा आजच्या लेखकापुढचा खरा पेच आहे.

पॉडकास्टचे आकर्षण या पेचातून समजते. अमेरिकेतील स्कॉट सिग्लर यांचे ठरलेले प्रकाशन बारगळले तेव्हा त्यांनी 2005 साली ‘अर्थकोअर’ ही आपली कादंबरी स्वतःच्या आवाजात वाचून, भागाभागाने, फुकट ऐकवली. श्रोते जमले, ते बोलू लागले, आणि मोठ्या प्रकाशकाचे दार त्यांना नंतर उघडले. इंग्लंडच्या जोआना पेन यांचा क्रम तर उलटाच. त्यांचा लेखनावरचा पॉडकास्ट 2009 मध्ये सुरू झाला आणि पहिली कादंबरी 2011 मध्ये आली. आधी शिकत शिकत बोलल्या, मग बोलत बोलत लिहिले. आपल्याकडे अमित वर्मा यांचे उदाहरण आहे. ब्लॉगवर नाव कमावलेल्या या लेखकाची ‘माय फ्रेंड सँचो’ ही कादंबरी 2009 साली आली, पण आज ते ओळखले जातात ते 2017 पासून चालणाऱ्या ‘द सीन अँड द अनसीन’ या पॉडकास्टसाठी. त्याचे सुरुवातीचे भाग वीसेक मिनिटांचे असत, आता ते कित्येक तासांचे असतात. आणि त्यांत लेखक, इतिहासकार, अर्थतज्ज्ञ आपण कसे वाचतो आणि कसे लिहितो हे तपशिलाने सांगतात. वर्मा स्पष्ट लेखनाचा अभ्यासक्रमही घेतात. बंगळुरूतून रामजी चंद्रन यांचा ‘द लिटररी सिटी’ निघतो. सगळीकडे एकच तहान दिसते: कोणीतरी लिहिण्याच्या कामाबद्दल, कामासारखे, बोलावे. (आवाजाचा स्वतःचा छापखाना उघडण्याची कल्पना कर्नाटकाला नवी नाही. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली आपल्या घरातून खासगी रेडिओ केंद्र चालवले आणि त्याला नाव दिले आकाशवाणी. पुढे साऱ्या देशाने ते उचलले.)

पण तहान खरी असली म्हणून समोर येणारे पाणी चांगलेच असते असे नाही. लेखनावरचे बहुतेक पॉडकास्ट ऐकावेत तर ते मुलाखती असतात. प्रेरणा कोठून मिळाली, रोज किती शब्द लिहिता, सकाळी की रात्री, नवोदितांना काय सांगाल. दहा भाग ऐकले की अकराव्याची उत्तरे श्रोता स्वतः देऊ शकतो. उरलेले भाग बाजाराचे असतात: जाहिरात, समीक्षणे, किमतीची गणिते. याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकावर किंमत टाकायची आहे त्याला ती गणिते कोणीतरी सांगायलाच हवीत. मात्र यांपैकी काहीही संपादकाची जागा भरत नाही, कारण संपादक कधी प्रेरणेबद्दल बोलत नसे. तो वाक्याबद्दल बोले. आणि आवाज हे माध्यम वाक्याबद्दल बोलण्यासाठी जन्मल्यासारखे आहे. छापील पानावर डोळा पुष्कळ गोष्टी माफ करतो, कान करत नाही. ‘तिच्या वडिलांच्या मित्राच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी’ असे लिहिलेले पानावर खपून जाते. मोठ्याने वाचा, चौथ्या ‘च्या’ला जीभ अडखळते. किंवा समजा, एका कादंबरीच्या पहिल्या मसुद्यात वाक्य आहे: ‘तिच्या डोळ्यांत खोल दुःखाचे सावट पसरले होते.’ लेखकाने ते माईकपुढे वाचावे आणि मग सांगावे की दुसऱ्या मसुद्यात हे का काढले, आणि त्या जागी ‘तिने चहात दुसऱ्यांदा साखर घातली आणि न पिताच कप बाजूला सारला’ हे का आले. शिवाय तिसऱ्या मसुद्यात ‘न पिताच’ हेही का गेले. वीस मिनिटांचा असा एक भाग प्रेरणेवरच्या वीस मुलाखतींपेक्षा लिहिणाऱ्याला अधिक देऊन जाईल. हे काम करायला नामवंत लेखकच हवा असेही नाही. स्वयंप्रकाशित लेखकापाशी तर याचे साहित्य भरपूर असते, कारण त्याचे सगळे मसुदे त्याच्याच घरी असतात आणि कोणाच्या परवानगीची गरज नसते.

यावर पहिला आक्षेप अधिकाराचा येतो. ज्याचे पुस्तक एकाही प्रकाशकाने घेतले नाही, त्याने इतरांना लिहायला शिकवावे हे कोणत्या न्यायाने? आक्षेप अगदी पोकळ नाही. विकण्याचे कसब आणि लिहिण्याचे कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माईकपुढे बसलेल्याला त्यांतला फरक कळतोच असे नाही. हजार प्रती खपल्या म्हणजे आपले तिसरे प्रकरणही चांगले होते असा समज व्हायला वेळ लागत नाही. पण मी जे सुचवतो आहे ते शिकवणे नाही, दाखवणे आहे. व्यासपीठावरून नियम सांगायला अधिकार लागतो. स्वतःची चूक उघडी करायला लागत नाही; उलट, ज्याची चूक कोणी संपादकाने आधीच झाकलेली नाही, तोच ती दाखवू शकतो. नामवंत लेखकाच्या छापील पुस्तकात संपादकाचा हात कुठे फिरला हे वाचकाला कधीच कळत नाही. आणि प्रकाशकाचा नकार हा गुणवत्तेचा निकाल असतो हे तरी कोणी ठरवले? मराठीत हजार-अकराशेची आवृत्ती वर्षानुवर्षे गोदामात पडून असते. नव्या नावाला नकार देताना प्रकाशकाच्या मनात आधी ती गोदामे असतात.

दुसरा आक्षेप असा की हे सारे मार्केटिंग आहे. पॉडकास्ट म्हणजे पुस्तकाच्या दुकानाची पाटी. असेल. गळगनाथांच्या डोक्यावरचे गाठोडेही मार्केटिंगच होते. आपले पुस्तक खपावे असे वाटण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. आपल्याकडे ती लाज उगाच जोपासली जाते, आणि गंमत म्हणजे ती जोपासणाऱ्यांची पुस्तके ग्रंथालयांच्या अनुदानावर खपत असतात. प्रश्न वेगळाच विचारायला हवा: हा भाग ऐकून, ज्याने तुमचे पुस्तक विकत घेतलेले नाही आणि घेणारही नाही, अशा लिहिणाऱ्याच्या हाती काही लागले का? लागले असेल तर पाटी लावा, खुशाल मोठी लावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बोलणे लिहिण्याचा वेळ खाते, आणि नुसता वेळच नाही, भूकही मारते. एखादी गोष्ट बोलून झाली की लिहिण्याची निकड उरत नाही. शिवाय बोलण्याला दाद लगेच मिळते. कादंबरीला तीन वर्षांनी, तीही मिळाली तर. दर आठवड्याला भाग टाकण्याची शिस्त लागलेला लेखक हळूहळू लेखनाबद्दल बोलणारा माणूस होऊन बसतो. यातून सुटका नाही असे नाही. पेन यांनी पॉडकास्ट आणि कादंबऱ्या दोन्ही वर्षानुवर्षे चालवल्या. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील हे त्रिकूट गावोगाव कथाकथन करत फिरले, माडगूळकर तर पुणे आकाशवाणीवर नोकरीलाच होते, आणि तिघांचे लिहिणे थांबले नाही. पण एक फरक विसरता कामा नये. ते आपली कथा सांगत होते, कथा कशी लिहावी हे सांगत नव्हते. कथा शंभर वेळा सांगून आणखी घोटीव होते. कथालेखनाचे नियम शंभर वेळा सांगितले की सांगणाराच त्यांच्यात अडकतो. म्हणून माझा सल्ला असा की लेखनावरच्या पॉडकास्टला शेवट असावा: बारा भाग, एक कादंबरी उकलून दाखवली, पुढची लिहायला घेतली, माईक बंद. अमर्याद चालणारा कार्यक्रम ही कंपन्यांची गरज आहे, लेखकाची नाही.

इथे बंगळुरूचेच दुसरे उदाहरण मला या सगळ्याहून मोलाचे वाटते. वसुधेंद्र हे कन्नडमधले आजचे महत्त्वाचे कथा-कादंबरीकार. ‘मोहनस्वामी’ आणि ‘तेजो तुंगभद्रा’ यांचे लेखक. सॉफ्टवेअरच्या नोकरीत वर्षे काढलेल्या या गृहस्थांनी 2004 च्या सुमारास स्वतःची पुस्तके काढण्यासाठी छंद पुस्तक ही संस्था सुरू केली. (उत्तर कर्नाटकाच्या बोलीत छंद म्हणजे सुंदर, मराठी कानाला तो नाद वाटावा, आणि दोन्ही अर्थ लागू पडावेत.) पण ते स्वतःपाशी थांबले नाहीत. नव्या लेखकांच्या अप्रकाशित कथासंग्रहांची हस्तलिखिते मागवायची, त्यांतून एक निवडायचे, त्याला पारितोषिक द्यायचे आणि ते पुस्तक काढायचे, असा पायंडा त्यांनी पाडला. स्वयंप्रकाशित लेखक इथे दुसऱ्याचा वाचक झाला, संपादक झाला, प्रकाशक झाला. ज्या माणसाची उणीव त्याला स्वतःला भासली असेल, तो माणूस तो दुसऱ्यांसाठी बनला. माईक आणि हस्तलिखित यांत निवड करायची वेळ आली तर मी दुसऱ्याचे हस्तलिखित वाचायला घेणाऱ्या लेखकाच्या बाजूने उभा राहीन. पॉडकास्ट दहा हजारांना ऐकू जातो, हे खरे. छंद पुस्तकाने जे केले ते थोड्याच लोकांपुरते होते, पण त्यातून नव्या लेखकांची पुस्तके उभी राहिली.

आणि भाषेचे काय? पोथी असो की प्रतिलिपी, लिहिण्याची सोय भारतीय भाषांत झाली. लिहिण्याबद्दलचे बोलणे मात्र बंगळुरूत आणि मुंबईत बव्हंशी इंग्रजीत चालते. प्रतिलिपीवर मराठीत कथामालिका लिहिणारी एखादी मुलगी संवाद कसे लिहावेत हे शिकण्यासाठी इंग्रजी पॉडकास्ट ऐकते, आणि तिथे जे ऐकते ते इंग्रजी संवादाला लागू असते. मराठी संवादाचे प्रश्न निराळेच आहेत. पात्र सासूला ‘तुम्ही’ म्हणेल की ‘तू’, वऱ्हाडी माणसाचे बोलणे किती वऱ्हाडी लिहायचे, ‘म्हणाला’ आणि ‘बोलला’ यांत काय फरक, निवेदन प्रमाणभाषेत ठेवून संवाद बोलीत नेले तर निवेदक परका वाटतो का. याची उत्तरे कोणत्याही अमेरिकी कार्यक्रमात सापडणार नाहीत. मराठीत मुलाखतींचे पॉडकास्ट आता पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही लोकप्रियही आहेत. स्टोरीटेलने 2017 साली भारतात पाऊल टाकले ते इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊन, म्हणजे मराठी कान तयार आहे याबद्दल बाजारालाही शंका नव्हती. मराठी वाक्य मांडीवर घेऊन त्याचे टाके उसवून दाखवणारा कार्यक्रम मात्र अजून रुजायचा आहे.

तो करणाऱ्याने एक काळजी घ्यावी. लिहिणे, ऐकणे, छापणे हे सारे एकाच कंपनीच्या छताखाली येते आहे, आणि छत ज्याचे, त्याची मर्जी. गुगलने आपले पॉडकास्टचे ॲप 2024 मध्ये बंद करून टाकले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. पॉडकास्टचे तंत्र मुळात खुले आहे. आपल्या भागांची फीड आपल्या ताब्यात असेल तर एक दुकान बंद पडले तरी कार्यक्रम दुसऱ्या दुकानात जातो. भाग एखाद्याच ॲपला बांधून दिले, तर ज्या दरवाजातून सुटका करून घेण्यासाठी लेखकाने पहिले पुस्तक स्वतः छापले होते, तसलाच दरवाजा तो स्वतःच्या हाताने पुन्हा बसवून घेतो.

तेव्हा ज्यांनी एक-दोन मराठी कादंबऱ्या स्वतः काढल्या आहेत, ते पुण्यात असोत, बेळगावात असोत की बंगळुरूत नोकरी सांभाळून लिहिणारे असोत, त्यांना विनंती आहे. पाहुणा बोलावू नका, प्रेरणेबद्दल बोलू नका. आपल्या कादंबरीचे एक पान घ्या, त्याचा पहिला खर्डा वाचा, मग छापील पान वाचा, आणि मधे काय आणि का बदलले ते सांगा. बदलले नसेल तर तेही सांगा. पहिल्या भागासाठी सामग्री शोधावी लागणार नाही. ती लॅपटॉपमध्ये ‘अंतिम’, ‘अंतिम 2’ आणि ‘अंतिम नवीन’ या नावांनी पडलेलीच असते.